ते बोट कुणाकडं होतं?

१

चहाच्या आधी बातमी आली.

छावणीलगतच्या जुन्या सरकारी विश्रामगृहात तीन आमदारांची उपसमिती उतरली होती. विधानमंडळाची उपसचिव शकीला इनामदार व्हरांड्यात बसून दिवसाचे कागद लावत होती. तेवढ्यात आमदार मोनिका साळवे अनवाणीच खोलीतून बाहेर आल्या. इंगळी चिमट्यात धरावी तसा मोबाइल त्यांनी अंगापासून लांब धरला होता.

“शकीलाताई, हे ऐका.”

‘मराठवाडा नजर’ नावाच्या वाहिनीवर निवेदक तारस्वरात सांगत होता, “बंद दाराआड काल काय घडलं? हिना अत्तराचा दरवळ घेऊन एक महिला अधिकारी आली. गुप्तवार्ता खात्याचीच एक शाखा एका आमदारावर चोरून पाळत ठेवत होती, असं तिनं सांगितलं. कोण तो आमदार, असं विचारताच तिनं बोट दाखवलं ते थेट समितीच्या अध्यक्षांकडं! काकासाहेबांकडं!”

शकीलाच्या हातातले कागद तसेच राहिले.

सरकारला राज्यातल्या तीन गुप्तवार्ता शाखा मोडून एकच महासंचालनालय करायचं होतं. विधेयक कागदावर सुटसुटीत होतं. पण या नव्या खात्यावर नजर कुणाची, त्यानं विधिमंडळाला जाब द्यायचा की नाही, याबाबत विधेयकानं ब्र काढला नव्हता. तेवढ्यासाठी ही उपसमिती गावोगाव साक्षी घेत हिंडत होती. कालची साक्ष सगळ्यांत मोलाची होती, आणि सगळ्यांत नाजूकही. साक्षीदाराचं नाव, चेहरा, शब्द यांतलं काहीही बाहेर जाणार नाही, असा शब्द दिला होता तो शकीलानं. स्वतः, साक्षीदाराच्या घरी बसून.

“साक्ष फुटली,” ती पुटपुटली.

“फुटली ते दिसतंच आहे,” मोनिकाताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात रागापेक्षा नवल जास्त होतं. “पण फोडणाऱ्यानं खोटं का सांगावं? तुम्हीही होता की तिथं. बोट अध्यक्षांकडं कुठं होतं? बोट तर माझ्याकडं होतं.”

२

अध्यक्ष काकासाहेब वाघ मूळचे देवगाव रंगारीकडचे. जिल्हा परिषदेपासून विधानसभेपर्यंतची हयात राजकारणात गेलेला माणूस. या विधेयकाला ‘थांबा, आधी बघू’ असं सभागृहात म्हणणारे पहिले तेच. शकीला त्यांच्या खोलीत गेली तेव्हा ते खिडकीशी बसले होते.

“ऐकलं मी,” ते म्हणाले. “मोबाइलवर लिहून पण आलंय म्हणं. वाचून दाखव जरा. चष्मा कुठं पडला कुणास ठाऊक.”

चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून डोकावत होता. माणूस हबकला की असंच होतं, असं मनाशी म्हणत शकीलानं बातमी वाचून दाखवली. काकासाहेब मान खाली घालून ऐकत राहिले. बातमी खोटी आहे, असं ते म्हणाले नाहीत.

इतक्यात तिसरे सदस्य, आमदार गोकुळराव जाधव, दार न ठोठावता आत आले. विधेयकाचे ते कट्टर समर्थक.

“काकासाहेब, हा हक्कभंग हाय. सभागृहाचा हक्कभंग! दुपारी बैठक घ्या. साक्ष फुटली म्हणल्यावर ती कामकाजातून काढूनच टाकली पाहिजे. आन् फोडली कुणी ते शोधा.”

“शोधा की,” काकासाहेब शांतपणे म्हणाले. “शकीलाबाई शोधतील.”

“शकीलाबाई?” गोकुळराव वळले. “मॅडम, राग मानू नका. पण साक्षीदाराला आणलं तुमी. मागच्या दारानं आत घेतलं तुमी. तिचं नाव फक्त तुमाला म्हाईत. मग पहिला संशय कुणावर घ्यावा माणसानं?”

खानसाम्यानं चहा आणून ठेवला. काकासाहेबांचा हात कपाच्या वीतभर डावीकडं टेबलावर टेकला, तिथंच घुटमळला, मग कपाला लागला.

“दुपारपर्यंत वेळ द्या,” शकीला म्हणाली. “नाही सापडलं तर चौकशी माझ्यापासून सुरू करा.”

बाहेर पडते न पडते तोच तिचा फोन वाजला. आमरीन होती. कालची साक्षीदार.

“आपा, हिना लावून कामावर येणारी आमच्या ऑफिसात मी एकलीच हाय. अब्बांचं अत्तराचं दुकान हाय, सगळ्यांना ठाऊक हाय. वरच्या साहेबांनी उद्या सकाळी बोलावलंय.” मग आवाज खोल गेला. “तुमी तर म्हणला व्हता ना, काय नाय होणार?”

३

शकीलानं रिकाम्या बैठकीच्या खोलीत जाऊन कालचा प्रसंग डोळ्यांपुढं आणला.

लांबट टेबल. मधोमध काकासाहेब. त्यांच्या उजव्या हाताला मोनिकाताई, डाव्या हाताला गोकुळराव. टेबलाच्या टोकाशी लघुलेखक आकाश, वहीत डोकं खुपसून. भिंतीशी ती स्वतः. आणि समोर आमरीन. बागेकडच्या दारानं शकीलानंच तिला आत घेतलं होतं. माइकची वायरही शकीलानंच आपल्या हातानं ओढून काढली होती. सगळ्यांचे फोन बाहेर, माइकवाल्या जावेदच्या ताब्यात.

आमरीननं सांगितलं होतं, की एक शाखा परवानगीशिवाय एका लोकप्रतिनिधीच्या मागावर आहे, हे तिच्या शाखेच्या लक्षात आलं आणि त्यांनी वर तक्रार करून ते थांबवलं. “घरात तीन भाऊ असले की एकानं भिंतीवरनं उडी मारली तर दुसरा वराडतो,” ती म्हणाली होती. “एकच ऱ्हायला तर कोण वराडंल?”

गोकुळराव उसळले होते. “कोण लोकप्रतिनिधी? नाव घ्या! हवेत गोळ्या मारू नका.”

पोरगी घाबरली. इतका वेळ सांभाळून बोललेली मराठी सुटली आणि घरची दखनी तोंडी आली, “ये. येच.” आणि बोट मोनिकाताईंकडं. खोलीत सुई पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. मग काकासाहेबांनी टेबलावर थाप मारली होती. “पुढं चला. आन् ऐका, ह्या गोष्टीचा चकार शब्द बाहेर काढायचा नाय. आपसातसुदीक नाय.”

आपसातही नाही. तो हुकूम सगळ्यांनी पाळला होता. निदान तसं दिसत तरी होतं.

जावेद फाटकाशी भेटला. शपथेवर सांगू लागला, “मॅडम, दाराबाहेर बसलो होतो. आतून फक्त पंख्याचा खडखडाट. बाई आली का बाबा आला, मी तर पाहिलं बी नाही.”

ते खरं असावं. आमरीन बागेकडून आली आणि तिकडूनच गेली. बंद दारातून एखादा शब्द निसटून येईलही, पण अत्तराचा वास त्याच्यापर्यंत कसा पोचणार?

आकाशवर मात्र तिचा संशय काही क्षण रेंगाळला. तो खाली बघून लिहीत होता. त्यानं बोट पाहिलंच नसेल तर? शब्द ऐकले, वास आला, आणि माणूस चुकला. सगळं जुळत होतं.

“आकाश, कालचं ‘येच’ तुम्ही कसं लिहिलंत?”

“मॅडम, तुम्हालाच विचारलं होतं की मी. साक्ष संपल्या संपल्या. ‘ये म्हणजे कोण लिहू?’ तुम्ही सांगितलं, ‘सदस्य मोनिका साळवे यांच्याकडे निर्देश करून.’ तसंच लिहिलंय.”

खरंच विचारलं होतं त्यानं. म्हणजे त्याला काल दुपारपासूनच ठाऊक होतं.

गोकुळराव बागेत येरझारा घालत होते. या वेळी त्यांचा आवाज खाली होता.

“मला फायदा काय, सांगा. ही बातमी आल्यापासनं बिलाची गाडी रुतली. आन् तुमाला वाटतं मी एकाच खात्याचा हट्ट उगंच धरतो? माझ्या गावात दंगल झाली तवा एका शाखेला आदल्या दिशी खबर होती. दुसरीला सांगितली नाय. का? तर श्रेय कुणाला, म्हणून! माझा लहानपणीचा मास्तर त्या रात्री दुकानात जळाला. तीन आचारी आन् आमटी करपली, मॅडम. मी ते बघितलंय.”

माणूस चुकीचं बोलत नव्हता.

मोनिकाताईंनी तर तिला पुरतं विचारूही दिलं नाही. “मला फोडायचं असतं तर मी माझंच नाव फोडलं असतं की! पाळत माझ्यावर, आणि सहानुभूती काकासाहेबांना? इतकी उदार मी नाही.”

परतताना व्हरांड्यात काकासाहेब समोरून येत होते. शकीलानं हात उचलून सलाम केला. ते कठड्याला हात लावत, तिच्याकडं न बघता निघून गेले. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. शकीलाच्या मनाला ते लागलं. यांनाही माझाच संशय येतोय की काय?

४

‘मराठवाडा नजर’चं ऑफिस चिकलठाण्याला, एका बंद पडलेल्या वर्कशॉपच्या माडीवर होतं. अझहर पठाण हा तिथला बातमीदार, संपादक आणि कॅमेरामन. शकीलाला बघून त्यानं हातच जोडले.

“बाई, सोर्स मी सांगत नसतो. जेलमध्ये टाका.”

“सोर्स विचारायला नाही आले. तुमच्या बातमीतल्या एका शब्दानं एका पोरीचं काय झालं, ते सांगायला आले.”

तिनं नाव न घेता सगळं सांगितलं. अत्तर, ऑफिस, उद्याचं बोलावणं. अझहर खुर्चीत मागं टेकला. त्याच्या चेहऱ्यावरचा कडकपणा उतरला.

“हिना... या अल्ला. मला वाटलं, एवढ्यानं काय कळतंय.”

“अत्तराचं तुम्ही घातलंत की सांगणाऱ्यानं सांगितलं?”

त्यानं टेबलावरचा कॅमेरा बाजूला सारला.

“मी खोदून विचारलं. फोनवर बोलत होते. म्हणलं, बाई आली होती हे मी कशावरून मानू? दिसायला कशी होती? तर म्हणाले, ते नको विचारू. म्हणलं, कपडे कसे? तर म्हणाले, दुसरं काहीतरी विचार. मग मी म्हणलं, खूण दिल्याशिवाय मी चालवणार नाही. तवा म्हणाले, ‘हिना लावून आली होती.’”

“आणि बोट?”

“ते...” अझहर ओशाळला. “ते माझं. त्यांनी एवढंच सांगितलं, की नाव विचारल्यावर ती अध्यक्षांनाच ‘येच’ म्हणाली. ‘येच’ म्हणणारी बाई बोट दाखवीलच ना? म्हणून मी घातलं.”

शकीला उठली. दाराशी पोचली तेव्हा तो मागून म्हणाला, “बाई, एक सांगतो. तुम्ही खोटारडा माणूस शोधत असाल तर चुकताय. मी रोज खोटं बोलणारी माणसं ऐकतो. हे खोटं बोलत नव्हते.”

रिक्षात बसल्यावर शकीलाला पहिल्यांदा भीतीपेक्षा कुतूहल मोठं वाटलं. जालना रोडची वर्दळ तिच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती आणि ती एकच गोष्ट उलटसुलट करून बघत होती. चुकीची बातमी, आणि सांगणारा मात्र खरा. शब्द आठवतो, वास आठवतो. चेहरा विचारला तर म्हणे, नको विचारू.

असा कोण होता त्या खोलीत?

५

छावणीत शकीलाचं माहेर होतं. तिचा भाऊ युसूफ आता तिथं राहत होता. आमरीनला तिनं तिथंच बोलावून घेतलं. पोरगी आली, पण खुर्चीच्या टोकावर बसली. आज तिनं अत्तर लावलं नव्हतं.

“आपा, मला राग आलाय तुमचा,” ती सरळ म्हणाली.

“यायलाच पाहिजे.”

“आता काय विचारायचं ते विचारा.”

“तुझं काम माणसं बघायचं आहे. काल बोट दाखवलंस तेव्हा तू काय बघितलंस, ते सांग. तू काय बोललीस ते मला ठाऊक आहे. मला इतरांचं हवंय.”

आमरीननं डोळे मिटले. बोलायला लागली तेव्हा आवाजातलं रडं गेलं होतं. कामावरची बाई बोलत होती.

“गोकुळरावांनी झटक्यात ताईंकडं पाहिलं. त्यांना पटलं नव्हतं, पण पाहिलं. ताई स्वतःच्या छातीवर हात ठेवून माझ्याकडं बघायला लागल्या. तुमी बी ताईंकडंच पाहिलं. लिहिणारा पोरगा खालीच बघत व्हता.”

“आणि काकासाहेब?”

“ते माझ्याकडंच बघत ऱ्हायले. हालले बी नाय. सगळ्यांच्या माना वळल्या, त्यांची नाय वळली. मला वाटलं, मोठा माणूस हाय, धक्का पचवला.” ती थांबली. “पण आपा, माझ्याकडं म्हंजे... नीट माझ्याकडं बी नाय. माझ्या कानाच्या जरा बाजूला.”

एकेक गोष्ट आपापल्या जागी येऊन बसू लागली. खिशात चष्मा असूनही वाचून दाखव म्हणणं. कपाच्या बाजूला घुटमळलेला हात. न घेतलेला सलाम. तिनं आवाज न करता केलेला सलाम!

“आमरीन, ‘येच’ तू मराठीत म्हणाली असतीस तर काय म्हणाली असतीस?”

“‘ह्या’ म्हणले असते. ‘ह्याच त्या.’”

“बरोबर. मराठीत बाई असेल तर ‘ह्या’, बाप्या असेल तर ‘हे’. तुझ्या ‘येच’ला ना बाई, ना बाप्या. ज्यानं बोट पाहिलं त्याला कळलं. ज्यानं फक्त ऐकलं...”

आमरीनचे डोळे विस्फारले. “या खुदा! त्यांना दिसत नाय?”

६

काकासाहेब खोलीत एकटेच होते. शकीलानं दारातूनच आवाज दिला, “साहेब, मी शकीला.”

“ये बेटा. बस.”

वाटेत तिनं बरंच काही ठरवलं होतं. दिसतंय का ते पारखायला खोटा कागद पुढं करावा, कुणाला तरी गुपचूप समोर बसवावं. पण ज्यांच्यासोबत आपण इतकी वर्षं काम केलं, त्यांना असं फशी पाडायचं तिच्यानं होईना.

“साहेब, एकच विचारायचंय. काल साक्षीदारानं ‘येच’ म्हणून बोट केलं, ते कुणाकडं होतं?”

काकासाहेब कडवट हसले. “अगं, माज्याकडं. सगळ्या जगाला ठाऊक झालं आन् तू मला विचारती?”

“नाही साहेब. मोनिकाताईंकडं होतं.”

खिडकीबाहेर माळी पाइपनं पाणी घालत होता. काकासाहेबांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आधी अविश्वास, मग काहीतरी उमगल्यासारखं, आणि मग असं काही, की शकीलानं नजर दुसरीकडं वळवली.

“मोनिका माज्या उजवीकडं बसली होती,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. “कुणी काय बोलंना. मला वाटलं, माज्या तोंडावर बोलायला लाजत्यात. म्हणून मीच म्हणलं, पुढं चला.”

“कधीपासून दिसत नाही, साहेब?”

“साखरेनं नेले डोळे. डावा गेल्या वर्षीच गेला. उजव्याला कडंकडंनं सावल्या दिसतात. मधी सगळा धूर. बायकूला म्हाईत हाय आन् ड्रायव्हरला. हैदराबादला नाव बदलून जातो दवाखान्यात.” त्यांनी हात चोळले. “ती पोरगी ‘येच’ म्हणाली. वाटलं, हे लोक दवाखान्यापर्यंत आलेत. आता कुणीतरी येऊन म्हणणार, काकासाहेब, बिल जाऊ द्या, नायतर तुमच्या डोळ्यांचं बाहेर काढतो. म्हणून म्हणलं, त्याच्या आधी आपणच वरडावं. एकदा पाळतीचं जगजाहीर झालं, की मग डोळ्यांचं कुणी काढलं तरी लोक म्हणतील, बदला घेत्यात.”

“आणि हिना?”

“तो पत्रकार म्हणाला, बाई कशी दिसत होती सांगा. मी काय सांगणार होतो, शकीला? तिचं मला दुसरं काय ठाऊक होतं?”

शकीलानं त्यांना आमरीनबद्दल सांगितलं. तिच्या वडिलांचं दुकान, उद्याचं बोलावणं. काकासाहेबांनी दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून धरले.

“मी गेलो तर गोकुळ अध्यक्ष होणार,” काही वेळानं ते म्हणाले. “बिल आहे तसं जाणार. तू गप बसलीस तर एका पोरीची नोकरी जाईल. बोललीस तर अख्ख्या राज्यावर झापड चढंल. हिशेब तूच कर.”

शकीलाच्या मनातही तो हिशेब होऊन गेला होता. रिक्षात, युसूफच्या घराच्या पायरीवर, या खोलीच्या दारात. विधेयकाबद्दल ती काकासाहेबांच्याच बाजूची होती. म्हणून तर ते सोपं नव्हतं.

“साहेब, ज्या कारणासाठी आपण त्या खात्याला जाब विचारतोय, त्याच कारणासाठी मी तुम्हाला विचारलं,” ती म्हणाली. “मी गप्प बसले, तर उद्या कुणाला काय विचारायचा मला अधिकार राहील?”

काकासाहेब काठी चाचपत उठले.

“बैठक बोलाव. आन् त्या पोरीला विचार, नाव लपवायचं का नाव घेऊन लढायचं. ह्या वेळी तिला विचारल्याबिगर काय करायचं नाय.”

शकीलानं तिथूनच फोन लावला. तोच प्रश्न तिनं आमरीनला विचारला.

“नाव तर गेलंच आपा,” आमरीन म्हणाली. “आता नाव घेऊनच वाचवा.”

७

दुपारी काकासाहेबांनी उभं राहून सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. डोळ्यांचंही नाही.

मोनिकाताई रडल्या. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. गोकुळराव मात्र ताठ बसून होते. साक्ष रद्द करण्याचा ठराव त्यांनी आधीच तोंडपाठ करून आणला असावा.

“मी अध्यक्षपद सोडतोय,” काकासाहेब म्हणाले. “सभागृह काय शिक्षा करील ती भोगीन. पण सोडायच्या आधी अध्यक्ष म्हणून शेवटचा आदेश. आकाश, लिही. समितीच्या साक्षीदाराला साक्षीवरून खात्यानं बोलावणं, हा विधिमंडळाचा अवमान हाय. आमरीन सय्यद यांना हात लावला, तर त्या अधिकाऱ्याला सभागृहापुढं उभं करण्यात येईल. आजच्या आज पोचलं पाहिजे.”

त्यांनी पेन काढलं. शकीलानं त्यांचं बोट कागदावर जिथं सही हवी तिथं नेऊन ठेवलं. आता ते लपवायचं कारण उरलं नव्हतं.

“काकासाहेब,” गोकुळराव अखेर बोलले, “तुमचं चुकलं. लई चुकलं. पण सवताहून कबूल केलंत. माज्याच्यानं झालं नसतं.”

“सवताहून नाय, गोकुळ,” काकासाहेब म्हणाले. “ह्या बाईनं विचारलं म्हणून. विचारणारं कुणी नसतं, तर मी निवांत मुंबईला गेलो असतो आन् ती पोरगी घरी बसली असती. मी काय वाईट माणूस नाय रे. तरी गेलो असतो.”

टेबलावरच्या विधेयकाची पानं गोकुळरावांनी उगाच पुढंमागं केली. शेवटी म्हणाले, “साक्ष काढायची नाय. राहू द्या. फक्त त्या मुलीला परत बोलवा. उघड्या बैठकीत. मला तिला एक विचारायचंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आमरीन पुढच्या दारानं आली. फाटकाशी कॅमेरे होते, अझहरही होता. त्यानं तिला वाट करून दिली आणि मान खाली घातली. तिच्यासोबत तिचे अब्बा होते, इस्त्रीची टोपी घातलेले, आणि पोरीच्या पुढं अर्धं पाऊल. वरच्या साहेबांचं बोलावणं रात्रीच मागं घेतलं गेलं होतं. उद्याचं काय, ते मात्र कुणालाच सांगता आलं नसतं. ती स्वतः तर विचारतही नव्हती.

काकासाहेब मागच्या बाकावर, लोकांत बसले होते. त्यांच्या जागी तात्पुरत्या अध्यक्ष म्हणून मोनिकाताई होत्या. गोकुळरावांनीच त्यांचं नाव सुचवलं होतं. जिच्यावर पाळत होती तिनंच विचारावं, असं ते म्हणाले होते.

आमरीननं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला. मग गोकुळराव पुढं झुकले. त्यांचा आवाज या वेळी कुणाला कोंडीत पकडणारा नव्हता.

“ताई, मला तीनाचं एक करायचंच हाय. माज्या गावात काय झालं ते तुमाला म्हाईत असंल. पण समजा झालं एक. आन् त्या एकानंच उद्या असं कुणाच्या मागं माणूस लावला. तुमाला ते दिसलं. तर तुमी कुणाकडं जाल?”

आमरीननं अब्बांकडं पाहिलं. मग तीन आमदारांच्या टेबलाकडं, त्या रिकाम्या राहिलेल्या तिसऱ्या खुर्चीकडं.

“साहेब,” ती म्हणाली, “तेच विचारायला तर मी परवा आले व्हते.”

गोकुळरावांनी विधेयकाचं पान उलटलं आणि समासात, सगळ्यांना दिसेल अशा ठळक अक्षरात, ‘जाब: विधिमंडळाला’ असं लिहायला सुरुवात केली.